मापावरचं अंडं

एका राज्यात घरामागे परस नाही असं घर नव्हतं, आणि जिथं काही उरत नाही असा परस नव्हता. वेलाला दुधी लागायचा तो मोजून लागत नसे. कोंबडी अंडं घालताना घरात माणसं किती, हे विचारत नसे. खाऊन जे उरे ते आठवड्याच्या बाजारी जाई, आणि बाजारातून मीठ, तेल, गूळ घरी येई. उरलेल्यावरच ते राज्य चालत होतं म्हणा ना.

त्या बाजाराची एक रीत होती. माप झालं की मापावर काहीतरी पडायचं. भाजीवर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी. धान्याच्या शेरावर एक मूठ. पाच अंड्यांवर एक अंडं. त्याला वरचं म्हणायचे. बायका ते मागायच्या, पण न मागताही पडायचं. एखाद्या गिऱ्हाइकाला वरचं द्यायचं राहिलं, तर विकणाऱ्यालाच घरी गेल्यावर दार लावायचं विसरल्यासारखं वाटायचं.

त्या राज्यात चिंचेच्या आळीत आवडाई राहायची. मायाळू बाई, पण डोळा कुंपणापलीकडे. कुणाच्या अळूला पानं आली, कुणाच्या लेकीला मळमळतंय, कुणाच्या चुलीवर आज काय रटरटतंय, हे त्या घरच्यांआधी आवडाईला ठाऊक. शेजारच्या चिमणाकाकू म्हणायच्या, आवडे, देवानं तुला दोनच डोळे दिले ते बरं केलं, तिसरा असता तर आम्हाला अंघोळीची चोरी झाली असती. आवडाई हसायची आणि विचारायची, काकू, आज अंघोळ उशिरा का केली?

तिचा नवरा रंगोबा. साऱ्या आळीचं उरलंसुरलं तोच बाजारी न्यायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत तुसात बसवलेली अंडी आणि कडेनं शेवग्याच्या शेंगा. त्याची आरोळी वेशीपासून ऐकू यायची, “अंडी घ्या हो, अजून ऊब आहे.” ऊब कसली असणार, दोन कोस चालून आलेली अंडी ती. पण लोक हात लावून बघायचे, आणि त्यांना ती लागायची.

आता राजाचं ऐका. राजाचं नाव धीरसेन. त्याच्या दरबारी सात डोंगरांपलीकडून तोलनाथ नावाचा एक मांत्रिक आला. अंगावर राखाडी वस्त्र, हातात तराजू. काळ्या दगडाचा काटा, पितळेची दोन पारडी. त्यात काहीही तोला, काटा देवापुढच्या ज्योतीसारखा सरळ उभा राही. तो तराजू ना तिळानं चुके, ना तिळानं चुकू देई.

तोलनाथानं बाजार पाहिला आणि राजाला म्हणाला, “मापावर जे पडतं, ते कुणाचं?”

राजा तराजूकडे बघू लागला, तसा तोलनाथच म्हणाला,

“ज्याला माप नाही, त्याला धनी नाही. ज्याला धनी नाही, ते राजाचं.”

राजाला ते पटलं. दुसऱ्याच बाजारी तराजू मैदानात टांगला गेला, शेजारी एक काळी पेटी मांडली गेली आणि पेटीपाशी शिपाई उभा राहिला. दवंडी झाली, की गिऱ्हाइकाला माप द्यावं, वरचं पेटीत टाकावं. लोकांनी टाकलं. पेटी खजिन्यात उघडली तर अंड्यांचे संगमरवरी गोळे झालेले, मिरच्यांची पोवळी झालेली, कोथिंबिरीचे पाचू झालेले. राजानं पाचूची काडी उजेडात धरली आणि त्याला वाटलं, आपल्या राज्यात किती सांडत होतं हे.

पण ज्या हातानं गिऱ्हाइकाच्या वाटचं वरचं काढून पेटीत टाकलं, त्या हाताचा पंख झाला, आणि माणसाचं पाखरू. एकेक करत भाजीवाला उडाला, धान्यवाला उडाला, मिठाची गोणी तशीच टाकून मीठवाला उडाला. मैदानाच्या कडेला मोठी चिंच होती, सगळे तिच्यावर जाऊन बसले.

रंगोबा शेवटपर्यंत टिकला. शिपायाची पाठ फिरली की हळूच गिऱ्हाइकाच्या पदरात एक अंडं सरकवायचा. एके दिवशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी पाच अंडी घेऊन वळली, रंगोबानं सवयीनं सहावं तिच्या टोपलीत ठेवलं, आणि शिपाई खाकरला. रंगोबा घाबरला. त्यानं हात घालून ते अंडं परत घेतलं आणि पेटीत टाकलं. टोपली म्हातारीच्या हातात तशीच राहिली, चुंबळ मातीत पडली, आणि एक तपकिरी पाखरू चिंचेकडे उडालं.

बाजार बंद पडला. आता उरलेलं जायचं कुठं? घरोघरी अंड्यांच्या राशी लागल्या. दुधी इतके झाले की कुणी हातात दुधी घेऊन आळीत शिरलं, की लोक दारं लावून घेत. आणि मीठ मात्र कुणाच्याच परसात उगवत नव्हतं. आळीतल्या पोरांनी तोंडं वाकडी करून अळणी भात गिळला.

आवडाई रोज चिंचेखाली जायची. कोणतं पाखरू आपलं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. सगळी पाखरं किलबिलत, हे एक मान वर करून म्हणे, “अंडी घ्या हो, अजून ऊब आहे.” ती खालून विचारी, जेवलात का? पाखरू म्हणे, “आवडे, किडे खाल्ले.” ती घरी येऊन हसायची आणि मग रडायची. पण पुढं पुढं पाखराचे शब्द कमी झाले. “अंडी घ्या हो” एवढंच उरलं. मग नुसतं “आवडे”. आणि एके दिवशी त्यानं मान वर केली, चोच उघडली, आणि नुसती शीळ आली.

त्या दिवशी वरच्या फांदीवरून एक म्हातारी साळुंकी खाली उतरली. ती मात्र जन्माची पाखरूच होती. बाजारात मापाखाली वरचं सांडायचं, त्यावर ती आणि तिच्या आज्या-पणज्या जगल्या होत्या.

साळुंकी म्हणाली, “चिंचेला बहर आला, की ही बोलणं कायमचं विसरतील.”

आवडाईनं वर पाहिलं. पानांत बारीक कळ्या धरल्या होत्या.

“मी काय करू?”

“तुझ्या परसातलं उरलेलं घे आणि तीन ठिकाणी वीक. नदीला, मिठाच्या डोंगराला, तोलनाथाला. तिघंही मापात घेतात, मापात देतात. त्यांतल्या कुणी आपणहून मापावर काही दिलं, तर ते जपून ठेव. तीन वरची एका पारड्यात पडली, की तराजू हरेल.”

“आणि त्यांनी दिलं नाही तर?”

“नाही दिलं तर नाही. पण मागू नकोस. तोंडानं मागितलंस, तर तुझ्यासाठी चिंचेवर जागा आहे.”

आवडाई घरी आली. पहाटेच्या अंधुक उजेडात तिनं पाटी भरली. शेवगा घेतला, लिंबं घेतली, आणि अंडी काढायला खुराड्यात हात घातला. मनात चिंचेच्या कळ्या होत्या, हात आपला चाचपत होता. एका कोपऱ्यात तांबडी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. तिनं चोच मारली. आवडाई म्हणाली, गप गं, माझी घाई तुला काय ठाऊक, आणि हाताला लागलेलं ते अंडंही तिनं पाटीत ठेवलं. चिमणाकाकू कुंपणाशी उभ्याच होत्या. त्यांनी जाताना विचारलं नाही, कुठं चाललीस. नुसतं म्हणाल्या, “तुझी कोंबडी मी बघते. आणि आवडे, अनोळखी ठिकाणी तोंड आवर.”

चालत चालत ती नदीशी आली. त्या नदीला पूल नव्हता. नदीच नावाडीण होऊन यायची, पाण्याचंच अंग, पाण्याचाच पदर, आणि पाण्याचीच नाव. आवडाईनं भाड्यापोटी काही अंडी मोजून दिली तेव्हा ती म्हणाली, “एवढ्यात पैलकाठचा चिखल लागेपर्यंत नेईन. त्याच्या पुढं नाही.”

आवडाई बसली. ठरवलं होतं की गप्प बसायचं. पण नाव काठापासून चार हात गेली असेल नसेल, तिच्यानं राहवेना.

“माय, तुझं माहेर कोणतं?”

नदी वल्हवायची थांबली. म्हणाली, “डोंगर.”

“गेली होतीस का इतक्यात?”

“मला उलट जाता येत नाही.”

आवडाईनं च् च् केलं. मग तिनं विचारलं, डोंगरावर पहिल्यांदा कुठून निघालीस, दगडातून की झाडाखालून? घरी कोण कोण होतं? सासरचा समुद्र स्वभावानं कसा आहे, फार गरजतो का? नदीला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. जो तो पलीकडे जायचं विचारी. ती बोलत राहिली, एका करवंदीच्या जाळीबद्दल, तिच्या मुळाशी असलेल्या एवढ्याशा ओलीबद्दल, जिथून आपण निघालो. बोलता बोलता पैलकाठ आला, चिखल आला, आणि नदीच्या ध्यानातच आलं नाही. ती चिखल ओलांडून थेट वरच्या कोरड्या पायरीपर्यंत चढली. मग भानावर आली, आपलं पाणी आवरलं, आणि जाताना आवडाईच्या तळहातावर एक थेंब ठेवून गेली.

तो थेंब मूठ मिटली तरी सांडेना, उन्हात धरला तरी आटेना. आवडाईनं तो पदराच्या गाठीत बांधला. गाठ ओली झाली नाही.

पुढं मिठाचा डोंगर. पांढराशुभ्र, चंद्र उतरून बसल्यासारखा. त्यावर खारवंती राक्षसीण राहायची. ताडासारखी उंच, केस मिठानं ताठ झालेले, दात जात्याच्या तळीएवढे. ती मीठ दाण्याला दाणा लावून द्यायची. आवडाईनं अंडी मांडली तशी तिनं एकेक उचललं आणि उन्हाला धरून आरपार पाहिलं. पहिलं पाहिलं, ठेवलं. दुसरं पाहिलं, ठेवलं. तिसरं धरलं आणि धरूनच राहिली.

“हे विकायचं नाही,” ती म्हणाली. “यात कुणीतरी आहे.”

आवडाईनं वाकून पाहिलं. कवचाआड लाल दोऱ्यांचं जाळं होतं, आणि जाळ्यात एक काळी सावली हलली. तेव्हा तिला तांबडीची चोच आठवली. चिंचेच्या आळीत खुडूक बसलेल्या कोंबडीखालचं अंडं शत्रूही काढत नसे, आणि ते तिनं घरच्या घरी काढलं होतं. कुणी बाजारात असं अंडं विकलं, तर त्याच्याकडचं पुढं वर्षभर कुणी घ्यायचं नाही, अशी रीत.

“अक्का,” ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या घाईत मी दुसरीच्या पोटचं उचलून आणलं.”

“मग ते गार होऊ देऊ नकोस,” खारवंती म्हणाली. एवढंच म्हणाली.

आवडाईनं अंडं कमरेशी ओच्यात बांधलं. मग बाकीच्या अंड्यांचा आणि शेवग्याचा मिठाशी तोल झाला, दाण्याला दाणा लागला. निघायची वेळ झाली तरी खारवंतीनं वर काही टाकलं नाही. आवडाई उभी. जन्माची सवय जिभेवर आली, आणि तोंडातून गेलंच, “अक्का, वर चिमूट…”

तिनं जीभ चावली. कोपराला खाज सुटली. पाहते तो कोपरातून एक तपकिरी पीस उगवलेलं.

ती खाली बसली. आता मागायचंही नाही आणि जायचंही नाही, म्हणून तिनं सवयीचं तेच केलं. विचारलं, अक्का, तू जेवतेस काय? खारवंती म्हणाली, मीठ. आणि सणाला? मीठ. आवडाईला ते ऐकवेना. तिनं तीन दगड मांडले, राक्षसिणीला विकलेल्या अंड्यांतलीच चार तिच्या परवानगीनं उकडली, सोलली, त्यावर लिंबू पिळलं. राक्षसिणीनं एक तोंडात टाकलं. तिचे डोळे मिटले. मग आवडाईनं विचारलं, केस कोण विंचरतं? कुणीच नाही. तेव्हा ती दगडावर दगड ठेवून उंच झाली आणि तिनं खारवंतीच्या केसांचा गुंता बोटांनी सोडवला, वरून खाली, सावकाश, पोरीचा सोडवतात तसा. सोडवता सोडवता डोंगरावरून ऊन उतरलं.

आवडाई मिठाचं गाठोडं आणि पाटी उचलून निघाली. ती उतारावर पोचली असेल, तोच मागून हाक आली, “ए बाई.” वळली तर खारवंतीनं दोन बोटांत एवढंसं मीठ धरलेलं.

“घरी जाऊन अंडं खाशील, तर त्यावर घाल,” ती म्हणाली, आणि आपणच काय केलं ते न कळून बोटांकडे बघत राहिली.

दोन वरची झाली. आवडाई वळसा घालून परत नदीच्या अलीकडे, राजधानीला आली. ओच्यातलं अंडं आता आतून टकटक करत होतं. ती चालताना त्याच्याशी बोलत होती, थांब रे, आणखी थोडं थांब, इथं कुठं बाहेर येतोस.

तोलनाथ खजिन्यातच राहायचा. पाचूच्या काड्यांचे ढीग, पोवळ्यांचे ढीग, आणि भिंतीला लागून संगमरवरी अंड्यांची रास. मधोमध बाजारातून परत आणलेला काळ्या काट्याचा तराजू. तोलनाथ कुणी जेवढे शब्द बोले तेवढेच परत देई, म्हणून त्याच्याशी कुणी बोलतही नसे.

आवडाई म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं अंडं घ्यायला आले.”

तोलनाथ म्हणाला, “त्याच्या वजनाचं तू काय आणलंस?”

पाटी रिकामी होती. लिंबंसुद्धा संपली होती, आणि गाठोड्यातलं मीठ काही परसातलं नव्हतं. तोलनाथानं राशीतून एक संगमरवरी अंडं न चुकता काढलं. त्यावर रंगोबाच्या बोटांचे ठसे होते. ते त्यानं एका पारड्यात ठेवलं. ते पारडं जमिनीला टेकलं. मग त्यानं आवडाईच्या ओच्याकडे पाहिलं.

“हे विकायचं नाही,” आवडाई म्हणाली.

“तोलायला हरकत नाही.”

आवडाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. दूर वेशीबाहेर बाजाराच्या मैदानावर चिंच दिसत होती, आणि चिंचेच्या एका फांदीवर पिवळट बहर आला होता. पारड्यातल्या दगडाच्या अंड्यात रंगोबाची हाक होती. ओच्यातल्या अंड्यात दुसऱ्याचा जीव होता. मग तिनं ओचा सोडला, दोन्ही तळहात अंड्याखाली धरले, आणि तळहातांसकट अंडं पारड्यावर ठेवलं.

“मी हात काढणार नाही,” ती म्हणाली. “गार होईल.”

तोलनाथाच्या आयुष्यात असं कुणी तोललं नव्हतं. तो म्हणाला, “हात काढ. मी खाली दिवा धरतो.” त्यानं पारड्याखाली दिवा धरला, पितळ कोमट झालं, तेव्हा आवडाईनं हात काढले. काटा हलला, थरथरला, आणि सरळ उभा राहिला. तिळाचा फरक नाही.

“सारखं,” तोलनाथ म्हणाला.

तेवढ्यात अंडं तडकलं. कवचाला भोक पडलं, भोकातून चोच आली, कवच दोन भाग होऊन पडलं, आणि ओलं पिल्लू पितळेवर कसंबसं उभं राहिलं. काटा सरळच होता. जे आत होतं तेच बाहेर आलं होतं, वजन वाढलं कशानं असतं? पण पिल्लानं मान ताणली आणि म्हटलं, “चिव.”

तोलनाथानं काट्याकडे पाहिलं. पिल्लू पुन्हा म्हणालं, “चिव.” त्यानं आपली वजनं चाळली, गहू, गुंज, तीळ, राई, धुळीचा कण. त्या आवाजापुरतं वजन त्यात नव्हतं.

“हे आधी नव्हतं,” तो म्हणाला. “हे कुठून आलं?”

“ते वरचं.”

“वरचं कुणाचं?”

पिल्लू पारड्याच्या काठावरून घसरलं, ते नेमकं तोलनाथाच्या हातावर. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू ज्याचं तोंड पाहतं, त्याचं होतं. तोलनाथानं दुसरा हात वर धरला, बोटांची जाळी केली, आणि जाळीतून आत वाकून पाहत राहिला.

“तुमचंच झालं आता,” आवडाई म्हणाली. “तुम्हाला कुणी नव्हतं का हो? माय? बहीण?”

शब्दाला शब्द देणारा माणूस गप्प राहिला. मग म्हणाला, “याच्याबदल्यात मी काय देऊ?”

“काही नाही. वरच्याला परत काही नसतं.”

पिल्लू उतरल्यानं आवडाईचं पारडं वर गेलं होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि नदीचा थेंब त्यात ठेवला. त्यावर खारवंतीची चिमूट टाकली. काटा हलला नाही. तिनं तोलनाथाकडे पाहिलं आणि जिभेला दातांखाली धरलं. कोपरावरचं पीस फडफडलं. पिल्लू बोटांच्या जाळीत चिवचिवत होतं.

तोलनाथानं एक हात मोकळा केला. त्यानं आपला अंगठा आवडाईच्या पारड्यावर ठेवला, अगदी हलके, आणि दाबला. पारडं झुकलं. ज्या तराजूनं जन्मात कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं, त्याचा काळा काटा तिच्या बाजूला कलला, आणि कललेलाच राहिला.

मग भिंतीपाशी सळसळ झाली. पाचूचे ढीग हिरवे ओले झाले आणि खजिन्यात कोथिंबिरीचा वास दरवळला. पोवळ्यांना देठ फुटले. संगमरवरी रास खडखडली, आणि रचून ठेवलेली कित्येक अंडी घरंगळत दारापर्यंत गेली. दारात राजा धीरसेन उभा होता. बाजार बंद पडल्यापासून त्याच्या ताटात राजवाड्याच्या बागेतला दुधी येत होता, सकाळी दुधीची भाजी, संध्याकाळी दुधीची भाजी, तीही अळणी. त्यानं आपला खजिना असा भाजीपाला झालेला पाहिला. रागवायला तोंड उघडलं, आणि वास नाकात शिरला. त्यानं खाली वाकून एक मिरची उचलली, देठ मोडला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती चावली.

“हे सगळं कुणाचं?” त्यानं विचारलं.

तोलनाथ म्हणाला, “ज्याच्या पदरात पडेल त्याचं.”

राजानं मान डोलावली. काळी पेटी त्याच दिवशी फोडून तिच्या लाकडाचं खुराडं केलं. तोलनाथानं पिल्लू खांद्यावर घेतलं आणि आवडाईला विचारलं, हे खातं काय? तिनं सांगितलं, तांदळाची कणी. किती? आवडाई म्हणाली, उरेल इतकी.

ती धावत मैदानात आली. चिंचेवरून माणसं उतरत होती. भाजीवाला उतरला, त्याची बायको हाक मारत होती आणि तो तिला तिच्या नावानं ओ देत होता. मीठवाला उतरला आणि पहिल्यांदा आपली गोणी शोधू लागला. पण रंगोबा ज्या फांदीवर होता, तीच बहरली होती. तो सगळ्यांच्या शेवटी उतरला. केसांत चिंचेची फुलं, डोळे पाखराचे. त्यानं आवडाईकडे पाहिलं, जसं वाटेवरच्या माणसाकडे पाहतात. ती म्हणाली, अहो. त्यानं मान कलती केली, आणि बारीक शीळ घातली.

साळुंकी वरून म्हणाली, “बहर आधी आला. माणूस तेवढा परत मिळाला.”

आवडाई रडली नाही. खजिन्यातून लोकांनी अंडी आणली होती, ती तिनं पाटीत भरली. मातीत पडलेली जुनी चुंबळ झटकली, तिच्यावर पाटी बसवली, आणि रंगोबाला पाटीमागं बसवलं. मग स्वतः उठून समोर आली आणि पदर पसरून बसली, गिऱ्हाईक बसतं तशी. चिमणाकाकू तोवर आळीतून येऊन पोचल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा मिटलं.

“पाच द्या,” आवडाई म्हणाली.

रंगोबा पाटीकडे पाहत राहिला. मग त्याचा हात हलला. हाताला ठाऊक होतं. त्यानं एक अंडं उचललं, कानाशी हलवून पाहिलं, तिच्या पदरात ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं, चौथं, पाचवं. मग हात मागं गेला आणि मांडीवर पडला.

आवडाईच्या जिभेवर शब्द आला. आता मागितलं तरी पीस उगवणार नव्हतं, साळुंकीची अट संपली होती. तरी तिनं मागितलं नाही. ती पदर तसाच पसरून बसली.

रंगोबाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, दार लावायचं राहून गेल्यासारखं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. शिपाई नव्हता. पेटी नव्हती. त्याचा हात पुन्हा पाटीत गेला, तुसात चाचपला, आणि त्यानं एक अंडं उचलून दोन्ही हातांत क्षणभर धरलं.

“घे गं आवडे,” तो म्हणाला. “वरचं. अजून ऊब आहे.”

पुढं बाजार पुन्हा भरला. तोलनाथ बाजाराचा मापाडी झाला, खांद्यावर तांबडा कोंबडा घेऊन बसायचा, आणि त्याचा काटा कललेला तो कललेलाच. दर पावसाळ्याआधी कुणीतरी डोंगरावरची करवंदं नदीत सोडून यायचं. मिठाच्या डोंगराशी फणी आणि तेलाची बुधली जायची. तांबडीनं आवडाईला क्षमा करायला पुष्कळ दिवस लावले, येता-जाता टोच मारायची, आणि आवडाई म्हणायची, मार बाई, तुझं बरोबर आहे. कोपराचं पीस गळलं नाही. ते पदराआड झाकता झाकायचं नाही, म्हणून ती त्यानंच अंड्यांवरचं तूस झाडायची.

कहाणी होती एवढी मापात दिली. ऐकता ऐकता कुणाच्या पदरात आणखी काही पडलं असेल, तर ते त्यानं खुशाल घरी न्यावं.